खडा चार मिलिमीटरचा, घोर घरभर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लेकीचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडक्यात देते.

तिची आई ६४ वर्षांची. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. दिवाळीनंतर एका लग्नात जेवून आली आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली. ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबू-सोडा घेतला. तीन तास तळमळून पहाटे कळ आपोआप ओसरली. दोन दिवसांनी पुन्हा आली तेव्हा मात्र दवाखाना गाठला. रक्ततपासणीत यकृताचे आकडे चढलेले: एसजीपीटी २१०, बिलिरुबिन १.४. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक बारीक पुष्कळ खडे. पुढे एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) केली, तर पित्तनलिकेच्या खालच्या टोकाशी ४ मिलिमीटरचा एक खडा. नलिकेची रुंदी ६ मिलिमीटर. दहा दिवसांत रक्ताचे आकडे जागेवर आले. त्यानंतर आजतागायत, म्हणजे सात आठवडे, आईला काही त्रास नाही.

शहरातले सर्जन म्हणतात, आधी दुर्बिणीने नलिकेतला खडा काढा, मग पित्ताशय. घरचे डॉक्टर म्हणतात, एवढासा तर खडा आहे, पडून जाईल. शेजारच्या काकूंच्या भाच्याला दुर्बिणीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊन बारा दिवस आयसीयूत काढावे लागले, त्यामुळे आईने धसका घेतला आहे. मामा रोज सकाळी कुळथाचं कढण पाठवतात. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणतो, ‘तू जवळ आहेस, तू ठरव.’ आणि लेक विचारते, “दुर्बीण घालावी की थांबावं? एकच काय ते सांगा. उद्या काही वाकडं झालं तर सगळे मलाच बोलतील.”

ताई,

एकच काय ते सांगायला मला आवडलं असतं. पण तुमच्या प्रश्नाच्या अलीकडे आणखी एक प्रश्न आहे आणि तुमच्या पत्रातल्या एवढ्या माणसांपैकी तो कुणीच विचारलेला दिसत नाही. तो खडा आज तिथे आहे का?

एमआरसीपीचा रिपोर्ट काढा आणि वरची तारीख बघा. सात आठवडे तरी झाले त्याला. स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीचा फोटो खिशात ठेवून, सात आठवड्यांनी तीच गाडी पकडायला निघाल्यासारखं आहे हे.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते नलिकेतून खाली उतरतं आणि लहान आतड्यात पडतं. नलिकेच्या तोंडाशी स्नायूचं एक बारीक वळं असतं, ते उघडतं-मिटतं. तुमच्या आईंचा खडा साधारण मुगाच्या दाण्याएवढा. एवढा खडा या वळ्यातून निसटून आतड्यात जाऊ शकतो आणि पुष्कळदा जातोही. आयर्लंडमधल्या काही सर्जननी २००४ साली याचा छान माग काढला होता. पित्ताशय काढताना नलिकेत औषध सोडून एक्स-रे घेतला, तेव्हा ४६ जणांच्या नलिकेत खड्यासारखी सावली दिसली. त्यांनी लगेच दुर्बीण घातली नाही. बारीक नळी आत तशीच ठेवली आणि ४८ तासांनी, मग सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे घेतले. दोन दिवसांनी १२ जणांची नलिका स्वच्छ दिसली (त्यातल्या काही सावल्या मुळात हवेचे बुडबुडेही असतील). सहा आठवड्यांत आणखी १२ जणांची झाली. शेवटी दुर्बिणीने खडा काढावा लागला तो २२ जणांचा, म्हणजे निम्म्याहून कमी जणांचा.

तुमच्या आईंचे रक्ताचे आकडे उतरले, कळ थांबली. खडा गेला असेल तर असंच दिसेल. पण खडा न अडकता नुसता तरंगत असेल तरीही असंच दिसू शकतं. म्हणून अंदाज नको, बघूनच घ्या.

बघायचं कसं? सगळ्यात उत्तम एंडोसोनोग्राफी. यातही तोंडातून दुर्बीण जाते, त्यामुळे नाव ऐकून आई दचकतील. पण या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असतं. ती आतड्यातूनच, भिंतीपलीकडच्या नलिकेकडे बघते, नलिकेच्या तोंडात शिरत नाही. त्यामुळे स्वादुपिंड डिवचलं जात नाही. पाच मिलिमीटरहून लहान खडे एमआरसीपीच्या नजरेतून सुटू शकतात. एंडोसोनोग्राफीच्या सहसा सुटत नाहीत. आणि बऱ्याच ठिकाणी ही तपासणी करताना खडा दिसला तर त्याच भुलीत, त्याच टेबलावर तो काढण्याचीही सोय असते. नाही दिसला तर तिथूनच घरी. ही सोय तालुक्याच्या गावी नसते, मोठ्या शहरात जावं लागतं. तेही जमत नसेल तर निदान एमआरसीपी आणि रक्त पुन्हा करून घ्या, तेसुद्धा दुर्बिणीने खडा काढायच्या अगदी आधी. महिनाभर आधी करून ठेवलेलं उपयोगाचं नाही.

मी हे इतकं घोळवून सांगतेय त्याला कारण आहे. मी फिजिशियन; दुर्बीण घालणारी नव्हे, घालायला पाठवणारी. एका शिक्षिकेला मी महिन्यापूर्वीच्या रिपोर्टाच्या भरवशावर ईआरसीपीला, म्हणजे दुर्बिणीने नलिकेतला खडा काढायला, पाठवलं होतं. नलिकेत तार गेली, औषध सोडलं, छोटा छेद दिला, जाळी फिरवली. जाळी रिकामी आली. खडा कधीच गेला होता. संध्याकाळी त्यांच्या पोटात दुखू लागलं, स्वादुपिंडाला सूज. पाच दिवस सलाईनवर काढले. त्या बऱ्या झाल्या, दर दिवाळीला फोन करतात आणि फोन ठेवल्यावर मला दर वेळी ती रिकामी जाळी आठवते. ‘काढण्याआधी एकदा बघा’ एवढे तीन शब्द चिठ्ठीत लिहायला मला काय झालं होतं?

मग घरचे डॉक्टर म्हणतात ते बरोबर? अर्धं. खडा पडून जाऊ शकतो हे खरं. ‘एवढासा तर आहे’ यातला जो दिलासा आहे तो मात्र खोटा.

आपली फसगत ‘खडा’ या शब्दापासून सुरू होते. आपल्या सगळ्यांच्या घरात कुणाला तरी मुतखडा झालेला असतो. पाणी प्या, कुळथाचं कढण घ्या, पानफुटीची पानं चावा, आणि एक दिवस खडा टण्णकन पडतो. तोच हिशोब आपण इथे लावतो. मुतखड्यात भरपूर पाणी प्यायचं कारण सरळ आहे, पाण्याने लघवी वाढते. पित्ताचं तसं नाही. तुम्ही चार तांबे पाणी जास्त प्यायलात म्हणून नलिकेतून पित्ताचा लोंढा येत नाही. मामांचा जीव आहे बहिणीवर, कढण प्यायला हरकत नाही, पण ते नलिकेपर्यंत पोचत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा उपाय तर साफ टाळा. दुसऱ्या दिवशी संडासातून जे हिरवट गोळे पडतात ते खडे नसतात. त्या तेलाचाच पोटात साबण होऊन वळलेले गोळे असतात. लोक ते बरणीत घालून दवाखान्यात आणतात, आणि त्यांना हे सांगायचं आपल्या जिवावर येतं.

खडे विरघळवण्याची एक गोळी असते, अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची. पित्ताशय नीट काम करत असेल, खडे बारीक आणि कोलेस्टेरॉलचे असतील, तर महिनोन्‌महिने घेऊन काहींना गुण येतो. नलिकेत बसलेल्या खड्यासाठी तिच्यावर विसंबून राहू नका.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. मुतखडा सुटला की मूत्राशयात पडतो, तिथे भरपूर जागा. पित्तनलिकेचा शेवट वेगळा आहे. स्वादुपिंडाची नळी आणि पित्ताची नळी बहुतेकांमध्ये अगदी शेवटी एकत्र येतात आणि एकाच तोंडातून आतड्यात उघडतात. नळ दोन, तोटी एक. खडा त्या तोटीत घटकाभर जरी अडला तरी स्वादुपिंड भडकू शकतं. आणि त्या तोंडापर्यंत घरंगळत जाणार कोण? मोठा खडा पित्ताशयातच बसून राहतो, त्याला देठाच्या अरुंद वाटेतून बाहेर पडता येत नाही. बारीक खडे पडतात. तुमच्या आईंच्या पित्ताशयात ‘बारीक बारीक पुष्कळ’ आहेत असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे काकूंच्या भाच्याला दुर्बिणीने जे झालं, तेच दुर्बिणीशिवाय एखादा खडा आपण होऊन करू शकतो. थांबण्यातही स्वादुपिंडाचा धोका आहे. फक्त त्याला जबाबदार धरायला समोर माणूस नसतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

किती धोका? स्वीडनमध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनांची देशभर नोंद ठेवतात. २००५ ते २००९ या काळात ऑपरेशन करताना नलिकेत खडे सापडलेले ३८२८ जण त्यांनी पाहिले. ज्यांचे खडे तसेच सोडून दिले त्यांच्यातल्या २५.३ टक्के लोकांना पुढे काही ना काही उपद्रव झाला. ज्यांच्या खड्यांचं काही तरी केलं, त्यांच्यात १२.७ टक्क्यांना. चार मिलिमीटरपेक्षा लहान खड्यांमध्ये फरक कमी होता, पण कौल त्याच बाजूला. आता हेच आकडे उलटे करून वाचा. खडे सोडून दिलेल्यांपैकी सुमारे पाऊण लोकांना काहीच झालं नाही. घरच्या डॉक्टरांनी आयुष्यभर पाहिलेत ते हे पाऊण लोक. उरलेले त्यांच्याकडे परत येत नाहीत, थेट शहरात जातात. सर्जनकडे नेमके तेच येतात. तुमचे दोन्ही डॉक्टर खरंच बोलतायत, दोघांच्या बाकावर बसलेले पेशंट वेगळे आहेत.

युरोपातल्या एंडोस्कोपीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला असा, की नलिकेत खडा असेल आणि माणूस सोसू शकत असेल तर त्रास असो-नसो, खडा काढून टाकण्याचा पर्याय त्याला द्यावा. तुमचे सर्जन याच वाटेने बोलतायत. पण जपानमधल्या रुग्णालयांतून आलेले अहवाल एक पाचर मारतात. ज्यांना काहीही त्रास नाही अशांचा खडा काढताना स्वादुपिंडाला सूज येण्याचं प्रमाण त्रास असलेल्यांपेक्षा जास्त दिसतं. कारण समजण्यासारखं आहे. खडा अडून कावीळ झालेली असते तेव्हा नलिका फुगलेली असते, तार सहज आत शिरते. सगळं सुरळीत चाललेलं असताना ते तोंड घट्ट मिटलेलं असतं, चार वेळा टोचावं लागतं, आणि शेजारची स्वादुपिंडाची नळी चिडते. तुमच्या आई बाई आहेत, बिलिरुबिन आता नॉर्मल, नलिका न फुगलेली. सूज येण्याची शक्यता वाढवणाऱ्या या तीन गोष्टी त्यांच्याकडे आहेत. म्हणून त्यांच्या बाबतीत खडा आहे की नाही हे न बघता तार घालणं मला पटत नाही.

आता आईंच्या धास्तीबद्दल. ‘उगाच घाबरते’ असं त्यांना म्हणू नका, कारण उगाच नाहीच. ईआरसीपीनंतर शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची सौम्य, चार-सहा दिवसांत ओसरणारी. भाच्यासारखी जबरदस्त सूज फार थोड्यांना, शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. छेदातून रक्तस्राव शंभरात एक-दोघांना, आतड्याला भोक पडणं त्याहून कमी. हजारात साधारण तीन माणसं दगावतातही. हे आकडे लपवून संमतीच्या कागदावर सही घेऊ नये आणि देऊही नये.

पण हा धोका कमी करता येतो, आणि कसा ते विचारायचा हक्क तुम्हाला आहे. गुदद्वारातून द्यायची डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनची १०० मिलिग्रॅमची गोळी, इतकी साधी वस्तू. अमेरिकेत २०१२ साली जास्त धोक्याच्या रुग्णांवर पाहिलं, तेव्हा सुजेचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ वर आलं. मूत्रपिंड अधू नसेल आणि त्या औषधाची अ‍ॅलर्जी नसेल तर ती द्यावी असं आता सगळीकडे मानतात. शिरेतून सलाईन भरपूर देतात. तार वारंवार स्वादुपिंडाच्या नळीतच जात असेल तर तिथे तात्पुरती बारीक नळी ठेवतात. डॉक्टरांना सरळ विचारा: ती गोळी देणार का? तुम्ही महिन्याला अशा किती केसेस करता? रात्री दुखायला लागलं तर कुणाला फोन करायचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला, तर तेही उत्तरच समजा.

आईंना ‘ऑपरेशन’ हा शब्द डोळ्यांपुढे दिसत असेल तर ते चित्र पुसा. त्या गुंगीत असतील. दुर्बीण घशातून जठरात, जठरातून आतड्याच्या वळणावर. तिथे भिंतीवर दाण्याएवढा उंचवटा असतो, तेच ते तोंड. त्यातून केसासारखी तार आत. औषध सोडलं की एक्स-रेच्या पडद्यावर नलिका उमटते आणि तिच्यात खड्याची टिकली दिसते. तोंडाला छोटा छेद देतात, फुगा किंवा जाळी वर नेतात आणि हळूच ओढतात. खडा आतड्यात पडतो, पाठोपाठ सोनेरी-हिरवं पित्त भसकन येतं. पोटावर टाका नाही. एक सांगून ठेवते, नातेवाईक बाहेर बाटली घेऊन उभे असतात, ‘खडा दाखवा.’ दाखवता येत नाही. तो आतड्यातच सोडून देतात आणि शौचावाटे जातो. त्यावरून ‘काढलाच नाही’ अशी भांडणं मी ऐकली आहेत. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आणि जपानातल्या क्योटोत १९७४ साली जवळपास एकाच वेळी हा छेद देण्याची युक्ती निघाली. त्याआधी याच मुगाएवढ्या खड्यासाठी पोट फाडून नलिका उघडायचे आणि माणूस पोटातून बाहेर आलेली रबरी नळी आणि पिशवी सांभाळत दिवस मोजायचा. आम्ही शिकत होतो तेव्हाही वॉर्डात अशा पिशव्या लटकत असायच्या.

तर माझा कल असा. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. आधी एंडोसोनोग्राफी. खडा दिसला नाही, तर ईआरसीपी नाही. पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन लवकर, आणि त्याच वेळी टेबलावर नलिकेचा एक्स-रे घ्यायला सर्जनना सांगा. खडा दिसला, तर काढून घ्यावा. दोनदा कळ आलेली आहे, एसजीपीटी चढलेला होता, हा निव्वळ योगायोगाने सापडलेला खडा नाही. वर सांगितलेली काळजी घेऊन ईआरसीपी, आणि त्यानंतर पित्ताशय, शक्यतो दोन आठवड्यांत. पित्ताशय काढतानाच त्याच्या देठातून आत शिरून नलिकेतला खडा काढणारे सर्जनही असतात, एकाच भुलीत दोन्ही कामं. पण त्याला हात बसलेला लागतो. आणि सहा मिलिमीटरची नलिका मधूनच चिरून खडा काढायचं कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या, एवढी बारीक नलिका शिवल्यावर आवळू शकते.

पित्ताशयाचा विषय तुमच्या पत्रात जवळजवळ नाहीच. सगळं घर नलिकेतल्या एका खड्याभोवती फिरतंय आणि कारखाना मागे चालू आहे. दुर्बीण झाली, खडा गेला, आई बरी, मग ‘पित्ताशयाचं पुढच्या दिवाळीनंतर बघू’, हे मी कितीदा ऐकलंय. नेदरलँड्समधला, २००२ साली छापलेला एक अभ्यास आहे. नलिका साफ केल्यावर पित्ताशय तसंच ठेवलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना दोन वर्षांत पुन्हा पित्ताचा काही तरी त्रास झाला; पित्ताशय काढलेल्यांपैकी २ टक्क्यांना. दुर्बीण की थांबणं या वादात कोणीही जिंको, पित्ताशयाचं ऑपरेशन दोन्हीकडे उभं आहेच.

थांबणंच शहाणपणाचं, असे लोक असतात का? असतात. अंथरुणाला खिळलेले, हृदय किंवा फुप्फुस इतकं थकलेलं की गुंगीही झेपणार नाही असे. किंवा पित्ताशय काढताना टेबलावरच्या एक्स-रेत दोन-तीन मिलिमीटरची सावली दिसली आणि सर्जनने ठरवलं की काही आठवडे बघू. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा जागी असेल तर त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. पुढच्या तपासणीची तारीख लिहून ठेवलेली असली, काय झालं की कुठे जायचं हे घरात सगळ्यांना पाठ असलं, तरच त्याला थांबणं म्हणायचं.

तुमच्याकडेही पुढची तपासणी होईपर्यंत हे लागू आहे. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी आणि शौच पांढुरकं-मातकट झालं, अंगाला खाज सुटली, किंवा कळ तासाभरात न ओसरता पाठीत शिरली आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. आईंना मधुमेह आहे, वय आहे. अशांना कधी पोट फारसं दुखतच नाही, नुसता हुडहुडीचा ताप येतो आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतं. त्या तापावर क्रोसिन देऊन झोपवू नका. नलिकेत पू झाला की मग दुर्बीण घालावीच लागते, रात्री-अपरात्री, रक्तदाब घसरलेला असताना.

आणि दोन शब्दांपासून जपा. पहिला ‘पित्त’. आपल्याकडे जळजळ, डोकेदुखी, आंबट ढेकर, सगळ्याला पित्तच म्हणतात. त्यामुळे पित्ताच्या नलिकेत खरोखर खडा अडकला तरी हात सोड्याकडेच जातो. लिंबू-सोड्यामुळे आईंची कळ गेली नाही. खडा हलला म्हणून गेली. दुसरा ‘कावीळ’. डोळे पिवळे दिसले की कुणी तरी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला घेऊन जातं. पाणी पिवळं होतं, ‘उतरली’ म्हणतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते, श्रेय चुन्याला जातं. खड्याची कावीळ हात धुऊन उतरत नाही, आणि तिथे घालवलेले चार दिवस फार महाग पडतात.

आई रक्त पातळ राहण्याची किंवा हृदयाची एखादी गोळी घेत असतील तर ती दुर्बिणीआधी दाखवा. कुठली चालू ठेवायची, कुठली किती दिवस थांबवायची, हे डॉक्टर सांगतील. मेडिकलवाल्याला विचारून बंद करू नका. मधुमेहाच्या गोळ्यांचंही उपाशी राहण्याच्या दिवसासाठी विचारून घ्या. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. यातलं काय योजनेत बसतं ते भरती व्हायच्या आधी त्याच्याकडून समजून घ्या, मग धावपळ होत नाही.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. ‘सगळे मलाच बोलतील.’ ते बोलतील, हे मी नाकारत नाही. जवळ राहणाऱ्या लेकीच्या वाट्याला निर्णयही येतो आणि बोलही येतात, लांबच्या मुलाच्या वाट्याला फोन येतो. पण तुमचं सगळं पत्र मी पुन्हा चाळलं, त्यात सर्जनचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, मामांचं, भावाचं, काकूंच्या भाच्याचं. आईंचं मत कुठे आहे? त्यांची भीती तुम्ही लिहिलीत, इच्छा लिहिली नाहीत. पोट त्यांचं आहे. त्या चांगल्या हिंडत्या-फिरत्या आहेत, लग्नं जेवतायत. पुढच्या भेटीला त्यांना बाहेर बाकावर बसवून तुम्ही आत जाऊ नका. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर त्यांना बसवा, तुम्ही मागे उभ्या राहा. भावाला त्याच वेळी फोनवर घ्या, त्याचे प्रश्न त्याला विचारू द्या. वर लिहिलेले आकडे आईंना सांगा, भाच्याची गोष्टही सांगू द्या त्यांना. सगळं ऐकून त्या ‘आधी बघा, मग काढा’ म्हणाल्या किंवा ‘मला महिनाभर थांबायचंय’ म्हणाल्या, तर तो त्यांचा निर्णय असेल आणि त्याला साक्षीदार तिघे असतील. ठरलेलं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. मामांनाही.

आणि मामांचं मन मोडू नका. कढणाऐवजी कुळथाचं पीठ पाठवा म्हणावं. आईंना आवडत असेल तर पिठलं करा, गरम भाताबरोबर. वरची तुपाची धार तेवढी पित्ताशयाचं ऑपरेशन होईपर्यंत हात राखून.